इथला निवेदक, तिथला निवेदक

पदव्युत्तर वर्गाला कथनमीमांसा शिकवताना एक अडचण मला दरवर्षी येत असे. ‘निवेदक’ ही संज्ञा फळ्यावर लिहिली की विद्यार्थ्यांच्या मनात कादंबरीतील निवेदक उभा राहत नसे. उभी राहत असे ती दूरदर्शनवर बातम्या सांगणारी व्यक्ती. इंग्रजीत या दोघांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे तिकडच्या अध्यापकाला या गोंधळाची कल्पना नसावी. आपल्याकडे मात्र कथेचे निवेदन करणारा, बातम्यांचे निवेदन करणारा आणि गणेशोत्सवात दोन गाण्यांमधली जागा शब्दांनी भरून काढणारा, हे तिघेही निवेदकच. मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगणाऱ्यांत एकेकाळी अनंत भावे होते. मराठीचे अध्यापक, मुलांसाठी कविता लिहिणारे. त्यांचे उदाहरण देऊन मी म्हणत असे, ‘भाव्यांनी संध्याकाळी केलेले निवेदन वेगळे आणि त्यांनी वर्गात समजावलेले निवेदन वेगळे.’ विद्यार्थी हसत आणि आम्ही पुढे जात असू.

हा गोंधळ दूर करण्याऐवजी त्यातच थोडे थांबायला हवे होते, हे फार उशिरा लक्षात आले. ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘विद्’ या धातूचे प्रयोजक रूप यांतून आलेल्या या शब्दाचा अर्थ जाणवून देणे, कळवणे असा होतो. त्याच कुळातले ‘निवेदन’ आपण मोर्चा काढून जिल्हाधिकाऱ्यांना देतो, आणि ‘नैवेद्य’ देवापुढे ठेवतो. कळवणे, मागणे आणि अर्पण करणे अशा तीन अगदी भिन्न क्रिया. पण तिन्हींत ज्याच्यासाठी ती क्रिया चालली आहे तो समोर गृहीत धरलेला आहे. कथनमीमांसेने निवेदकाचे वर्गीकरण पुष्कळ केले. ऐकणाऱ्याविषयी ती त्या मानाने कंजूष राहिली. जेराल्ड प्रिन्स यांनी निवेदनग्राहकाचा विचार मांडला, तो आम्ही अभ्यासक्रमात एका टिपणापुरता ठेवला होता. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते एका परदेशी वाहिनीवरील कार्यक्रमाचे. बीबीसीच्या आंतरराष्ट्रीय दूरचित्रवाहिनीवर जून २०११ मध्ये ‘न्यूजडे’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याचे निवेदन एकाच वेळी दोन शहरांतून होई. सिंगापूरहून एक निवेदक आणि लंडनहून दुसरा. सिंगापूरच्या बाजूला पुढे बराच काळ फिलिपिनो असलेले रिको हिझोन दिसत, लंडनच्या बाजूला अनेकदा बबिता शर्मा; व्यक्ती बदलत, मांडणी तीच राही. कार्यक्रम आशियातल्या सकाळसाठी योजलेला होता. त्यामुळे सिंगापूरचा निवेदक सकाळी उठून कामाला लागलेल्या माणसाच्या सुरात बोले, आणि लंडनचा निवेदक मध्यरात्रीच्या आसपास, दिवस संपवून झोपी जाणाऱ्या शहरात बसून त्याच प्रेक्षकाला सुप्रभात म्हणे. आम्ही सांगलीत या दोघांच्या मध्ये कुठेतरी, पहाटे पाचच्या काळोखात असू.

दोन शहरांतून बातम्या सांगण्याची कल्पना नवी नव्हती. अमेरिकेत एनबीसीने ऑक्टोबर १९५६ मध्ये चेट हंटली यांना न्यूयॉर्कमध्ये आणि डेव्हिड ब्रिंक्ली यांना वॉशिंग्टनमध्ये बसवून ती सुरू केली आणि १९७० पर्यंत चालवली. एकाने दुसऱ्याचे नाव घ्यायचे, की पडद्यावरचे शहर बदले. रात्री निरोप घेतानाही ते आधी एकमेकांचा निरोप घेत. प्रेक्षक ते ऐकत असे. हे मला फार अर्थपूर्ण वाटते. एकच निवेदक असतो तेव्हा तो थेट आपल्याशी बोलतो, निदान तसा भास निर्माण करतो. दोन निवेदक आले की ते परस्परांशी बोलतात आणि आपण त्यांचे बोलणे कानावर पडणारे तिसरे होतो. निवेदनाचे नाटक होते.

एबीसीने १० जुलै १९७८ रोजी याही पुढची पायरी गाठली. वॉशिंग्टनमध्ये फ्रँक रेनल्ड्स, शिकागोत मॅक्स रॉबिन्सन, लंडनमध्ये पीटर जेनिंग्ज अशी तीन निवेदकांची, तीन शहरांची मांडणी. तिचा कर्ता रून आर्लिज क्रीडाप्रक्षेपणातून आलेला होता, आणि एका मैदानाकडे अनेक कॅमेऱ्यांतून पाहण्याची त्याची सवय या मांडणीत उतरली असावी असे मला वाटते. राजधानी, देश आणि जग अशी जणू वाटणी. अर्थात ही वाटणी समान नव्हती. राजधानीकडे सत्ता, लंडनकडे जग. मधल्या शिकागोकडे काय उरले, हा प्रश्न खुद्द रॉबिन्सन यांना पडला होता. अमेरिकेतील राष्ट्रीय जाळ्यावर रोज बातम्या सांगणारे ते पहिले कृष्णवर्णीय निवेदक. १९८१ साली एका महाविद्यालयातील भाषणात त्यांनी आपल्या व्यवसायातील वर्णभेदाविषयी उघड तक्रार केली आणि तिचा बराच गाजावाजा झाला. जुलै १९८३ मध्ये रेनल्ड्स वारले, आणि ही त्रिस्थळी मोडली. जेनिंग्ज एकटे निवेदक झाले. १९८८ च्या डिसेंबरात रॉबिन्सनही गेले.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग, जो ते स्वतः सांगत, माझ्या मनातून जात नाही. १९५९ साली व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्समथ येथील एका केंद्रावर त्यांना बातम्या वाचण्याचे काम मिळाले, पण अट अशी की चेहरा दिसता कामा नये. पडद्यावर केंद्राचे बोधचिन्ह असलेली पाटी दिसे आणि तिच्यामागून आवाज येई. एके रात्री त्यांनी ती पाटी हटवायला लावली आणि प्रेक्षकांना निवेदक दिसला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. जेरार जेनेत यांनी ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे प्रश्न वेगळे केले, ते आपण सर्वांनी गिरवले आहेत. ‘बोलणाऱ्याला कोण पाहू शकतो’ असाही एक प्रश्न असू शकतो, हे मला या प्रसंगाने शिकवले. तो प्रश्न माझ्या घरातच होता. मी तो ओळखला नव्हता.

माझ्या आईला काचबिंदूने हळूहळू दिसेनासे झाले. २०१० च्या सुमारास तिला उजेड आणि काळोख एवढाच भेद कळत असे. धाकटा भाऊ लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडनमध्ये राहतो. तो निजण्यापूर्वी फोन करी, आणि त्याचे निजणे म्हणजे आईचे उठणे. त्यामुळे पहाटे साडेचारपासून फोनची वाट पाहत ती बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसे. आमच्या घरात ‘क्रॉयडनचा फोन आला का?’ असेच विचारत. भावाचे नाव क्वचितच घेतले जाई. गावाने माणसाची जागा घेतली होती. हिवाळ्यात तो अकरा-साडेअकराला बोलत असे तेव्हा तिकडे अजून आदला दिवस चालू असायचा. आईला या गोष्टीचे फार कौतुक. ‘तू अजून कालच आहेस,’ असे ती त्याला म्हणे. आमचे साडेपाच वाजले म्हणजे लंडनची मध्यरात्र. तेव्हा ती मला विचारी, ‘लागला का रे त्यांना आज?’ श्रावण लागतो तसा ‘आज’ लागणे हा प्रयोग मी अन्यत्र ऐकलेला नाही.

वाट पाहताना मी दूरचित्रवाणी लावून बसे. आईला इंग्रजी येत नव्हते. तिचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. पण खोलीत कोणी बोलत आहे आणि आपल्याला कळत नाही, हे तिला सहन होत नसे. ‘काय म्हणताहेत?’ असे ती विचारी आणि मी सांगे. सुरुवातीला दोन वाक्ये, मग सगळेच. ‘न्यूजडे’ सुरू झाल्यावर या सांगण्याला एक रीत आली. सिंगापूर आणि लंडन ही नावे आईच्या ओळखीची झाली. एका शहराने दुसऱ्याच्या हाती बातम्या सोपवल्या की तिला आवाजावरून कळे. ‘आता आपला माणूस,’ असे ती म्हणे. आपला म्हणजे लंडनचा.

इथे भाषेचा एक बारकावा नोंदवला पाहिजे, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ त्यात आहे. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत आणि बोलणाऱ्याला दर वेळी निवड करावी लागते: ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे. लंडनचा निवेदक सिंगापूरकडे जाऊ या अशा अर्थाचे काही बोले तेव्हा मी ‘आता आपण सिंगापूरला जाऊ’ असे सांगत असे. मूळ वाक्यात सांगलीची, अंध, नऊवारीतली बाई अभिप्रेत होती की नव्हती याची चौकशी मी केली नाही. ‘आपण’ म्हटले आणि तिला आत घेतले. ते शुद्ध भाषांतर होते असा दावा मी करणार नाही.

दुसरा बारकावा याहून महत्त्वाचा. दुसऱ्याचे बोलणे सांगताना इंग्रजी सर्वनामे, काळ आणि स्थलवाचक शब्द फिरवून घेते. आपण बहुधा फिरवत नाही. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यातील ‘मी’ आणि ‘उद्या’ त्याचे आहेत, पण उच्चार माझा आहे. बेनवेनिस्त यांनी दाखवल्याप्रमाणे ‘मी’, ‘इथे’, ‘आत्ता’ हे शब्द उच्चाराच्या क्षणीच अर्थ धारण करतात. मग मी सांगलीच्या घरात बसून ‘ते म्हणतात, इथे पाऊस पडतोय’ असे म्हणतो तेव्हा तो ‘इथे’ कुणाचा? व्याकरण म्हणेल, मूळ वक्त्याचा. आई मात्र एकदा चटकन अंगणातले कपडे आठवून उठू लागली होती. आम्ही हसलो. ‘परवा’ हा शब्द जसा मागचा दिवसही दाखवतो आणि पुढचाही, तसा आमच्या घरात ‘इथे’ दोन्हीकडे पाहू लागला होता. अशा वेळी आई विचारी, ‘इथे म्हणजे इथे, की तिथला इथे?’ कथनमीमांसेवरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारलेला मला आढळला नाही.

ऑगस्ट २०११ च्या ६ तारखेला उत्तर लंडनमधील टॉटनहॅम येथे दंगल पेटली. पोलिसांच्या गोळीने एका तरुणाचा मृत्यू झाल्यानंतरचा निषेध, त्यातून जाळपोळ, आणि मग शहराच्या इतर भागांत पसरलेली लूटमार. सोमवारी ८ तारखेच्या रात्री ती क्रॉयडनला पोचली. तेथील रीव्ह्ज यांचे फर्निचरचे दुकान १८६७ पासूनचे; दोन महायुद्धांतून तगलेली ती इमारत त्या रात्री जळून गेली. मंगळवारी पहाटे मी दूरचित्रवाणी लावली तेव्हा पडद्यावर ती आग होती. रस्त्याच्या कोपऱ्यावरची इमारत, सर्व खिडक्यांतून ज्वाळा. चित्र पुनःपुन्हा दाखवत होते.

फोन आला नव्हता. साडेचार होऊन गेले, पाच झाले. मी आत जाऊन भावाचा नंबर फिरवला, उत्तर नाही. बाहेर आलो तेव्हा आईने विचारले, ‘काय म्हणताहेत?’

मी म्हणालो, ‘लंडनच्या पलीकडे कुठल्याशा गावात एका दुकानाला आग लागलीय. तिथे लांब आहे.’

निवेदक ‘इथे’ म्हणत होता आणि मी ‘तिथे’ सांगितले. जो शब्द आमच्या भाषेत फिरवायचा नसतो तो मी फिरवला. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने मी दूध आणायला गेलो. परत आलो तेव्हा फोन येऊन गेला होता. भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला मित्राकडे अडकला होता, सुखरूप होता. माझ्या जिवातला ताण गेला आणि मी केलेला बदल विसरूनही गेलो.

दोन-तीन दिवसांनी पहाटे मी नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली, तेव्हा आई म्हणाली, ‘तू सांगू नकोस. नुसता आवाज मोठा कर.’

मला वाटले, तिला कंटाळा आला. तसे नव्हते, हे कळायला महिना गेला. भावाशी बोलताना सहज निघाले. त्या पहाटे फोन आल्या आल्या आईने त्याला विचारले होते, ‘आग तुझ्या घरापासून किती लांब आहे?’ तो चकित झाला होता; मी तिला सगळे सांगितले असेल असे त्याने गृहीत धरले. मी सांगितले नव्हते. तिने ऐकले होते. इंग्रजी निवेदनात ‘क्रॉयडन’ हा शब्द पाच-सहा वेळा तरी आला असणार, आणि तो शब्द आमच्या घरात मुलाच्या नावाचा समानार्थी होता. विशेषनामाचे भाषांतर होत नाही, हे मी भाषांतरविषयक एका चर्चासत्रात फार आत्मविश्वासाने मांडले होते. माझी आई त्याचा पुरावा घेऊन माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला ‘कुठलेसे गाव’ असे सांगत होतो.

वेन बूथ यांच्या १९६१ च्या ग्रंथाने ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ केली. तिच्यावर मी अनेक वर्षे शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे एकच उदाहरणमाला वापरली. बूथ यांच्या मांडणीत निवेदकाची अविश्वसनीयता ओळखली जाते ती गर्भित लेखकाच्या मूल्यांपासून तो किती दूर आहे यावरून. लेखक आणि वाचक निवेदकाच्या पाठीमागे एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात, असे मी वर्गात सांगत असे. विद्यार्थ्यांना ते आवडे. त्या पहाटे माझ्या पाठीमागे कोण होते? मूळ निवेदक तर परदेशात होता आणि त्याला माझे अस्तित्व ठाऊक नव्हते. तरीही माझी आई आणि तो यांच्यात एका शब्दाची देवघेव झाली, आणि ती देवघेव माझ्या निवेदनाला ओलांडून गेली. बूथ यांचे चित्र इतके अक्षरशः खरे ठरेल असे मला वाटले नव्हते. पण त्यांच्या चित्रात नसलेली एक गोष्टही होती. कादंबरीतील अविश्वसनीय निवेदक पकडला गेला की वाचकाला आनंद होतो. आईला आनंद झाला नव्हता.

मी खोटे का बोललो, याचे उत्तर सोपे आहे आणि ते सोपे असल्यामुळेच माझे त्याने समाधान होत नाही. तिला भीती वाटू नये म्हणून. परंतु भीती मला वाटत होती. तिला दिसत नव्हते, म्हणजे चित्रावर माझा एकट्याचा ताबा होता, आणि त्या ताब्याचा उपयोग मी माझी भीती लपवण्यासाठी केला. त्या क्षणी मी बातमीवर पाटी धरली होती.

अंध श्रोता आणि सांगणारा म्हटले की संजयाची आठवण निघणे अपरिहार्य. दूरचित्रवाणीसंबंधी आपल्याकडे जे काही लिहिले गेले त्यात संजयाला इतके राबवले गेले आहे की त्याचे नाव घेण्याचाही संकोच वाटतो. पण तो उल्लेख करणारे बहुतेक जण त्याला थेट प्रक्षेपण करणारा समजतात, आणि मूळ भीष्मपर्वात तसे नाही. तिथे संजय रणांगणावरून धृतराष्ट्राकडे परत येतो आणि पहिली बातमी सांगतो ती भीष्म पडल्याची. म्हणजे युद्धाचे नऊ दिवस उलटून गेल्यावर, दहाव्या दिवसाची. गीतेसह सारा आधीचा वृत्तांत त्यानंतर, धृतराष्ट्राने विचारल्यावरून येतो. श्रोत्याला शेवट आधी कळलेला आहे. व्यासांनी दिव्य दृष्टी दिली ती सांगणाऱ्याला; ऐकणाऱ्याने ती पत्करली नाही, कारण आप्तांचा वध त्याला पाहायचा नव्हता. तरीही वाईट बातमी संजयाने प्रथम सांगितली, तीही न फिरवता. त्याच्याही मनात राजाविषयी ममत्व असेलच.

ज्ञानेश्वरांनी या जोडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. नवव्या अध्यायाच्या अखेरीस सांगणारा संजय भावाने इतका भरून येतो की त्याला स्वतःला सावरावे लागते, आणि ऐकणारा म्हातारा मात्र पुराच्या पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा ढिम्म. प्रतिमा मजेदार आहे आणि धृतराष्ट्रावर अन्याय करणारीही नाही. निवेदकाचे उचंबळणे आणि श्रोत्याचे निश्चल राहणे यांतले अंतर इतक्या थोडक्यात मराठीत दुसऱ्या कुणी पकडले असेल असे मला वाटत नाही. पण आईच्या निश्चलपणाला ही प्रतिमा लागू पडत नाही. ती पाण्याबाहेर होती आणि मीच पाण्यात बसलो होतो.

त्यानंतर पहाटेची रीत बदलली. मी दूरचित्रवाणी लावी, आवाज मोठा करी, आणि गप्प बसे. आई इंग्रजी ऐकत राही. तिला काय कळत होते, हे मी विचारत नसे. हळूहळू लक्षात आले की तिला पुष्कळ कळत होते. नावे कळत. आकडे थोडे कळू लागले. आणि स्वर कळत. निवेदक हसत बोलतो आहे की गंभीर, घाईत आहे की बातमी संपवून मोकळा झाला आहे, दुसऱ्या शहराकडे सोपवताना मध्ये जो अर्धा क्षण रिकामा जातो तो नेहमीचा आहे की नेहमीपेक्षा लांब. उपग्रहामुळे येणारा तो विलंब मला तांत्रिक दोष वाटे. आई त्यालाही अर्थ देई. ‘विचारलेलं त्याला आवडलं नाही,’ असे ती एकदा म्हणाली. मी हसलो; पण तिचे म्हणणे तपासून पाहण्याचे साधन माझ्याकडे नव्हते.

रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात दूरचित्रवाणीला ‘प्रवाह’ म्हटले. जहाजाने अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचल्यावर मायामीत त्यांनी एक चित्रपट पाहायला घेतला आणि त्यांना चित्रपट कुठे संपतो आणि जाहिराती कुठे सुरू होतात तेच कळेना. विल्यम्स यांच्यासारख्या जाणत्या प्रेक्षकाला प्रवाहाने गोंधळात टाकले. दोन शहरांतून चालणारा कार्यक्रम या प्रवाहाला दर काही मिनिटांनी बांध घालतो: आता इकडे, आता तिकडे. अशा कार्यक्रमाचे समर्थन ‘जागतिक दृष्टी’ वगैरे शब्दांनी केले जाते. १५ नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झालेल्या अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीने दोहा, क्वालालंपूर, लंडन आणि वॉशिंग्टन अशा चार केंद्रांची योजना आखली तेव्हाही हीच भाषा होती. मला तिच्यात फार रस नाही. चार ठिकाणांहून बोलल्याने दृष्टी चार होतात असे नाही. अनेकदा एकच संपादकीय दृष्टी चार आवाजांत बोलते. आपल्याकडच्या अनेकस्वरी म्हणून गौरवल्या गेलेल्या काही कादंबऱ्यांचे तेच झाले आहे. महत्त्व मला वाटते ते बांधाचे, त्या सोपवण्याच्या क्षणाचे. एक निवेदक आपले ‘इथे’ खाली ठेवतो आणि दुसऱ्याने आपले उचललेले नसते. त्या क्षणात श्रोता एकटा असतो.

२३ मार्च २०१५, सोमवार. पाडवा शनिवारी होऊन गेला होता. पहाटे पाचला आवाज मोठा करून मी बसलो. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांचे निधन झाले होते. दोन वाक्यांतच आईने मान वर केली आणि विचारले, ‘कोण गेलं?’

साडेतीन वर्षांत तिने मला पहिल्यांदा बातमी विचारली होती. मी काळजीपूर्वक सांगितले. नाव सांगितले. वय एक्क्याण्णव. सिंगापूरच्या रुग्णालयात, तिथल्या वेळेप्रमाणे पहाटे तीन वाजून अठरा मिनिटांनी. मुलगा तिथला पंतप्रधान आहे, तेही सांगितले. ‘तिथे’ हा शब्द या वेळी जिथे खरोखर ‘तिथे’ होता तिथेच वापरला.

‘वार कोणता धरायचा?’ तिने विचारले.

मी म्हणालो, सिंगापूरला सोमवार. लंडनला ते गेले तेव्हा संध्याकाळचे सव्वासात होऊन गेले होते, म्हणजे रविवार. लंडनला अजूनही रविवारच चालू आहे. साडेपाचला सोमवार लागेल. दोन्ही निवेदक एकाच कार्यक्रमात बसले आहेत आणि दोघांचे वार वेगळे आहेत.

‘तिथे उजाडायच्या आधी गेले ना?’

‘हो.’

‘मग आपल्यात रविवारच,’ आई म्हणाली. ‘सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही.’

पंचांगातला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात, हे मला ठाऊक होते; पण घड्याळे जुळवण्याच्या नादात ते सुचले नव्हते. ‘आपल्यात’ या शब्दात तिने कुणाकुणाला धरले होते, ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने फोन वाजला आणि तिने ही बातमी भावाला आपल्या शब्दांत सांगितली. वय बरोबर, वेळ बरोबर, वार रविवार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि विचारले, ‘सांगू का?’

ती म्हणाली, ‘नको. आवाज मोठा कर.’